अमृतांजन पूल : बोरघाटातील दगडी कमानींचा इतिहास

मुंबई-पुणे मार्गावर खंडाळ्याच्या अलीकडे काळ्या दगडाच्या उंच कमानी दिसू लागल्या की, पुण्याहून येणाऱ्यास घाट सुरू झाल्याची आणि मुंबईहून जाणाऱ्यास तो सरत आल्याची खूण पटत असे. अनेक पिढ्यांच्या प्रवासात ठाण मांडून बसलेला हा पूल म्हणजे ‘अमृतांजन पूल’ होय. ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीमुळे रस्ते ओस पडलेले असताना, नियंत्रित स्फोट घडवून तो पाडण्यात आला. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या बहुतेक वृत्तांत पुलाचे वय १९० वर्षे, म्हणजे बांधणीचे साल १८३० असे देण्यात आले होते. प्रत्यक्षात हे साल बोरघाटातील गाडीरस्त्याचे आहे. पुलाचे नाव एका औषधाच्या जाहिरातीवरून आले आणि वय शेजारच्या रस्त्यावरून ठरले. म्हणूनच या पुलाचा इतिहास पाहायचा, तर आधी बोरघाटाचा इतिहास पाहावा लागतो.

घाटाचे स्थान

कोकणातून देशावर चढणाऱ्या वाटांपैकी बोरघाट ही सर्वांत वर्दळीची वाट. घाटाचा पायथा रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यात, खोपोलीपाशी आहे. माथा पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात, खंडाळ्यास आहे. उत्तरेस कर्जत तालुक्याच्या हद्दीवर राजमाचीचा किल्ला घाटावर पहारा देत उभा आहे, तर खंडाळ्याजवळच्या नागफणीच्या सुळक्यावरून खालचे सारे खोरे नजरेत येते. निरभ्र दिवशी माथेरानच्या दक्षिणेकडील टोकांवरून ही डोंगररांग स्पष्ट दिसते. दोन हजार फुटांच्या आसपास उंचीची ही भिंत कोठे आणि कशी ओलांडायची, हा प्रश्न येथे प्रत्येक काळाला पडला आणि प्रत्येकाने आपल्या साधनांनुसार त्याचे उत्तर शोधले.

वाट अतिशय जुनी आहे. घाटाच्या वर कार्ले व भाजे येथील आणि खाली कर्जत तालुक्यातील कोंढाणे येथील लेणी या प्राचीन व्यापारी मार्गाच्या कडेनेच कोरली गेली. कल्याण, चौल या बंदरांतून येणारा माल बैलांच्या पाठीवरून याच परिसरातील घाटवाटांनी देशावर जात असे. घाटवाट आणि लष्करी डावपेच यांचे नाते किती जवळचे असते, हे २ फेब्रुवारी १६६१ रोजी दिसून आले. खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाच्या मोठ्या सैन्याला अरुंद वाटेत गाठून शरण आणले.

पुढे इंग्रजांनाही या चढणीचा धडा मिळाला. १७७८ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज तोफा, रसद आणि हजारो बैल घेऊन बोरघाट चढली. मराठ्यांच्या तोंडी ‘इष्टुर फाकडा’ म्हणून अजरामर झालेला कॅप्टन स्टुअर्ट जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ पडला आणि त्याच महिन्यात वडगाव येथे इंग्रजांना अपमानकारक तह करावा लागला. घाट चढून जाणे शक्य असले, तरी मागून रसद येण्यासाठी चांगला रस्ता हवा, हे या मोहिमेने दाखवून दिले. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्ली याने तोफा नेता येतील इतपत ही वाट सुधारून घेतली. मराठेशाहीच्या अखेरच्या काळाची एक खूण घाटाच्या पायथ्याशीही आहे. खोपोलीचे विस्तीर्ण तळे व त्याकाठचे महादेवाचे मंदिर नाना फडणवीस यांनी बांधविले. घाट चढण्यापूर्वी विसावणाऱ्या वाटसरूंची आणि जनावरांची त्यामुळे सोय झाली.

१८३० : गाडीरस्ता

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाची शरणागती स्वीकारणारा जॉन माल्कम १८२७ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. पुण्यात आणि खडकीस इंग्रजांची छावणी होती. मुंबईशी तिचा संबंध पनवेलपर्यंत होडीने आणि तेथून पुढे घाटवाटेने येत असे. या वाटेवर माणसे, घोडी, पालख्या आणि ओझ्याचे बैल चालत. चाकाची गाडी मात्र सलग जाऊ शकत नसे. माल घाटाच्या पायथ्याशी उतरवून वर न्यावा लागे.

माल्कमच्या कारकिर्दीत चाकाच्या गाड्यांसाठी घाट फोडण्यात आला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी हा रस्ता खुला झाला. त्याच्या बांधकामाशी कॅप्टन ह्यूज या लष्करी अधिकाऱ्याचे नाव जोडले जाते. मुंबई आणि देश यांच्यातील व्यापाराला या रस्त्याने नवे वळण दिले. कापूस, धान्य, मीठ यांची वाहतूक बैलगाड्यांतून होऊ लागली आणि खोपोली, खालापूर, चौक या गावांतून गाड्यांचे तळ पडू लागले. पुढे पुणे-मुंबई राष्ट्रीय महामार्गानेही घाटात बराचसा हाच मागोवा घेतला.

या रस्त्याच्या कडेला शिंग्रोबाचे छोटे देऊळ आहे. शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांच्या पायवाटेवरून साहेबाला घाटाचा मार्ग दाखविला आणि बक्षीस म्हणून स्वातंत्र्य मागितल्यावर त्याला ठार करण्यात आले, अशी आख्यायिका आहे. काही जण हा प्रसंग रस्त्याचा म्हणून सांगतात, तर काही रेल्वेचा. घाटातून जाणारे कित्येक गाडीवान आणि चालक आजही तेथे नाणे टाकून पुढे जातात. सरकारी दप्तरांत गव्हर्नर आणि अभियंत्यांची नावे राहिली. ज्यांच्या पायाखालची ही वाट होती, त्या डोंगरातील माणसांची आठवण लोकांनी देवळाच्या रूपाने जपली.

१८६३ : लोहमार्ग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली रेल्वेगाडी धावली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे लक्ष्य मात्र ठाणे नव्हते. दख्खनचा कापूस मुंबई बंदरात आणायचा, तर सह्याद्री ओलांडणे भाग होते. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत पोहोचले आणि १८५८ मध्ये घाटाच्या वर खंडाळा ते पुणे असा मार्ग सुरू झाला. मधला घाट तेवढा उरला. पाच वर्षे प्रवासी खोपोलीस गाडीतून उतरत, पालखी, तट्टू किंवा गाडीने माल्कमच्या रस्त्यावरून घाट चढत आणि खंडाळ्यास पुन्हा गाडीत बसत.

कंपनीचा मुख्य अभियंता जेम्स बर्कले याने घाटातील लोहमार्गाची आखणी केली. सुमारे २५ किलोमीटर लांबीत १,८३१ फूट चढायचे होते. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांमागे एक फूट होता. पंचवीस बोगदे आणि आठ मोठे दगडी पूल या मार्गासाठी उभारावे लागले. १८५६ मध्ये काम सुरू झाले. पहिला कंत्राटदार विल्यम फॅविएल याच्या काळात, जानेवारी १८५९ मध्ये, मजुरीच्या प्रश्नावरून कामगारांनी उठाव केला आणि त्यानंतर त्याने काम सोडले. पुढील कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्याकडे घेतले आणि ॲडमसन व क्लाउझर या अभियंत्यांकरवी ते तडीस नेले. एकोणिसाव्या शतकात एका स्त्रीने एवढ्या मोठ्या बांधकामाची जबाबदारी पेलल्याची उदाहरणे जगातही थोडीच आहेत.

१८६१ मध्ये घाटात एका वेळी ४२ हजारांहून अधिक मजूर राबत होते. सुरुंग लावण्यासाठी कड्यावरून दोरांनी खाली सोडलेली माणसे, पावसाळ्यातील दरडी, पटकीच्या साथी आणि तळांवरील अपुरे पाणी यांनी हजारोंचा बळी घेतला. १८६३ मध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्गाचे उद्‌घाटन झाले. आखणी करणारा बर्कले तो दिवस पाहू शकला नाही; १८६२ मध्येच त्याचे निधन झाले होते.

गाडी उलट फिरविणारे स्थानक

बोरघाटाच्या या जुन्या लोहमार्गाचे वैशिष्ट्य म्हणजे त्यावरील ‘रिव्हर्सिंग स्टेशन’. डोंगराची सोंड एके ठिकाणी इतकी अरुंद होती की, गाडी वळवून सलग वर नेण्यास पुरेशी जागाच नव्हती. म्हणून सोंडेवर बंद टोकाचे एक स्थानक बांधण्यात आले. खालून आलेली गाडी तेथे थांबे, इंजिन सोडवून दुसऱ्या टोकास जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने निघून पुढचा चढ चढू लागे. इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या दोन रेघांसारखा हा मार्ग होता. कसारा घाटात १८६५ मध्ये सुरू झालेल्या लोहमार्गावरही अशीच व्यवस्था करण्यात आली.

ही युक्ती कामाची असली, तरी धोका तिच्यातच होता. वरून येणाऱ्या गाडीचा ब्रेक लागला नाही, तर पुढे बंद टोक आणि त्यापलीकडे दरी होती. जानेवारी १८६९ मध्ये उतरणीवर ताबा सुटलेली एक गाडी या स्थानकातून पुढे जाऊन मोठा अपघात झाला. उतारावर गाडी अनावर झाल्यास तिला चढाच्या बाजूच्या रुळांवर वळवून थांबविण्याची व्यवस्था घाटात रूढ झाली, त्यामागे अशा अपघातांचा अनुभव होता. घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून रेटा देणारी जादा इंजिने कर्जतला जोडण्याची पद्धतही घाटाच्या चढामुळेच आली. या थांब्याने कर्जतला रेल्वेच्या नकाशावर महत्त्व दिले आणि कर्जतचा बटाटेवडाही प्रवाशांच्या ओळखीचा केला.

विसाव्या शतकात विजेची इंजिने आली. जुन्या मार्गापेक्षा सरळ, नव्या बोगद्यांचा मार्ग १९२९ मध्ये वापरात आला आणि रिव्हर्सिंग स्टेशन बंद झाले. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘दख्खनच्या राणी’ला म्हणूनच घाटात उलटे फिरावे लागले नाही. सोडून दिलेल्या जुन्या मार्गाचे बोगदे, दगडी भिंती आणि कमानी मात्र डोंगरात जागच्या जागी राहिल्या.

साल कोणते?

अमृतांजन पुलाच्या वयाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रचलित समजुतीनुसार तो १८३० मध्ये कॅप्टन ह्यूज याने घाटरस्त्याचा भाग म्हणून बांधला. रेल्वेच्या इतिहासाचे अभ्यासक मात्र त्याचा संबंध रिव्हर्सिंग स्टेशनकडून येणाऱ्या जुन्या लोहमार्गाशी जोडतात. हे दुसरे मत ग्राह्य धरल्यास पुलाचे बांधकाम १८५६ ते १८६३ या काळातील ठरते आणि पाडला जाताना त्याचे वय १९० नव्हे, तर १६० वर्षांच्या आसपास होते.

दोन्ही मतांचा मेळ घालू पाहता एक गोष्ट दिसते. १८३० हे साल घाटरस्त्यापुरते निर्विवाद आहे. रस्ता आणि लोहमार्ग या भागात एकमेकांना खेटून, काही ठिकाणी एकमेकांच्या वरखालून गेले. रूळ उखडल्यावर पूल कोणत्या मार्गाचा होता, हे सामान्य प्रवाशाला सांगणारे काही उरले नाही. शेजारच्या रस्त्याचे प्रसिद्ध साल मग त्यालाही चिकटले. उंच खांबांवर दरीच्या आरपार नेलेली सपाट वाट ही बैलगाडीच्या रस्त्यापेक्षा लोहमार्गाची गरज अधिक असते, कारण गाडीरस्ता वळणे घेत खोलगट भागाला वळसा घालू शकतो; लोहमार्गाला तसे करता येत नाही. हा मुद्दा अभ्यासकांच्या मताला बळ देणारा आहे.

नाव कसे पडले?

पुलाला बांधणाऱ्यांनी दिलेले नाव लोकांच्या तोंडी राहिले नाही. कमानींजवळ ‘अमृतांजन’ या वेदनाशामक मलमाची मोठी जाहिरात होती आणि घाटातील प्रवाशांच्या ती चांगलीच लक्षात राहिली. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत हे मलम बाजारात आणले आणि त्याची पिवळी बाटली घरोघरी पोहोचली. घाटाच्या वळणांनी डोके धरलेल्या प्रवाशाला डोकेदुखीच्या मलमाची पाटी दिसावी, हा योग जाहिरातदाराने अचूक साधला होता. एस.टी.चे चालक, मालवाहू गाड्यांचे चालक आणि सहलीला आलेली मंडळी या जागेला ‘अमृतांजन पॉइंट’ म्हणू लागली. पुढे सरकारी कागदपत्रांतही हेच नाव रूढ झाले. पावसाळ्यात खालचे खोरे, धबधबे आणि धुके पाहण्यासाठी येथे गाड्या थांबत.

कमानीचे सामर्थ्य

एवढी वर्षे ऊन, पाऊस आणि हादरे सोसून हा पूल उभा राहिला, याचे रहस्य कमानीच्या रचनेत आहे. दगडाला दाब सोसतो. ताण सोसत नाही. कमानीतील प्रत्येक दगड पाचरीसारखा, वर रुंद आणि खाली अरुंद घडविलेला असतो. वरून भार आला की, हे दगड एकमेकांवर अधिक घट्ट दाबले जातात आणि भार दोन्ही बाजूंच्या खांबांतून जमिनीत उतरतो. बांधताना प्रथम लाकडाचा अर्धगोल साचा उभारून त्यावर दोन्ही बाजूंनी दगड रचत आणतात. माथ्यावरचा मधला दगड बसला की, साचा काढून घेता येतो. सह्याद्रीचा काळा कठीण दगड येथे जागेवरच उपलब्ध होता. पाथरवट तो घडवीत आणि घाणीत मळलेल्या चुन्यात तो बसवीत.

अर्थात दगडी बांधकाम म्हणजे अक्षय बांधकाम नव्हे. याच घाटमार्गावरील एक मोठा दगडी पूल उद्‌घाटनानंतर चारच वर्षांनी, १८६७ मध्ये कोसळला. त्यानंतर रेल्वेच्या बांधकामांच्या दर्जाची चौकशी झाली आणि सदोष दगडकामाचा प्रश्न ऐरणीवर आला. बाहेरून घडीव दगडांची देखणी भिंत आणि आत ढिली भर, असे काम झाले असेल, तर पाणी आत मुरून बांधकाम पोखरले जाते. अमृतांजन पूल टिकला, तो केवळ दगडाचा होता म्हणून नव्हे. त्याचे काम नीट झाले होते म्हणून.

माथेरानचे वेगळे उत्तर

बोरघाटातील उपायाची तुलना जवळच्याच माथेरानशी करता येईल. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने माथेरानची जागा युरोपीयांच्या नजरेस आणली. नेरळहून वर जाणारा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभाई यांनी १९०४ मध्ये बांधावयास घेतला आणि १९०७ मध्ये तो सुरू झाला. येथे चढ बोरघाटाहून तीव्र, म्हणजे २० फुटांमागे एक फूट इतका आहे. तरीही गाडी उलट फिरविणारे स्थानक नाही, प्रचंड दगडी पुलांची मालिका नाही आणि बोगदा एकच आहे. रूळ डोंगराच्या अंगावरून अत्यंत तीक्ष्ण वळणे घेत वर जातात. गाडी लहान, वेग कमी आणि घाई कोणालाच नाही, म्हणून हे जमले. बोरघाटातून कापूस, सैन्य आणि टपाल वेळेवर न्यायचे होते. तेथे डोंगराला वळसे घालीत बसणे परवडणारे नव्हते. पुलाची उंची ही अशा रीतीने त्यावरून जाणाऱ्या मालाच्या घाईचे माप असते.

या दोन वारशांचे नशीबही वेगळे ठरले. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत माथेरानच्या मार्गाची मोठी हानी झाली. तो दुरुस्त करून २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू करण्यात आली. २०१९ च्या पावसात मार्ग पुन्हा उखडला आणि २०२२ मध्ये नेरळपासूनची सेवा पूर्ववत झाली. जागतिक वारसास्थळांसाठी भारताने सादर केलेल्या संभाव्य यादीतही त्याचा समावेश झाला. बोरघाटातील सोडून दिलेल्या मार्गाच्या कमानींच्या वाट्याला असे संरक्षण आले नाही. माथेरानची गाडी चालू होती, तिच्यावर माणसांचे पोट आणि हौस दोन्ही अवलंबून होते. अमृतांजन पुलावरून कोणीच जात नव्हते.

पुलाखालची कोंडी

महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने उभारलेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णत्वास गेला. सहा पदरी, काँक्रीटचा, सुमारे ९४.५ किलोमीटर लांबीचा हा मार्ग देशातील रस्तेबांधणीत एक टप्पा ठरला. घाटात मात्र त्याला जुन्या महामार्गाशी जुळवून घ्यावे लागले. तो नेमका अमृतांजन पुलाच्या कमानींखालून गेला. इतर ठिकाणी प्रशस्त असलेला रस्ता येथे दगडी खांबांच्या मधून वाट काढू लागला. त्यात तीव्र चढ-उतार आणि वळण यांची भर होती. जड वाहने चढावर रेंगाळत आणि सुट्टीच्या दिवशी वाहनांच्या रांगा घाटभर लागत. अपघात झाला, तर बाजूला सरकण्यास जागा नसे.

पूल हलवावा की रस्ता, या प्रश्नावर अनेक वर्षे विचार झाला. रस्त्याला पर्यायी मार्ग काढण्याचा उपाय खर्चिक आणि दीर्घ मुदतीचा होता. खोपोली ते कुसगाव या दरम्यान बोगदे आणि उंच पूल यांच्या साहाय्याने घाटाला बगल देणाऱ्या ‘मिसिंग लिंक’ प्रकल्पाचे काम २०१९ मध्ये सुरू झाले. तत्पूर्वीच पुलाचे भवितव्य जवळजवळ ठरले होते. पुलावरून वाहतूक होत नव्हती आणि पुलाखालून रोज हजारो वाहने जात होती. या हिशेबात दगडी कमानींची बाजू लंगडी पडली.

अडचण इतकीच होती की, पूल पाडायचा तर काही दिवस द्रुतगती मार्गाचा हा टप्पा बंद ठेवावा लागणार होता आणि एरवी ते अशक्यप्राय होते. मार्च २०२० च्या अखेरीस करोनाच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी लागू झाली आणि ही अडचण आपोआप दूर झाली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात वाहतूक वळवून काम करण्याची परवानगी मिळाली आणि ५ एप्रिल रोजी सुरुंगांनी कमानी खाली आणल्या. घाट फोडून उभारलेल्या बांधकामाचा शेवटही सुरुंगानेच झाला. निरोप द्यायला गर्दी नव्हती. लोकांनी घरात बसून ध्वनिचित्रफिती पाहिल्या आणि आपल्या जुन्या सहलींची छायाचित्रे शोधून काढली.

सुरक्षितता आणि वारसा

जुना पूल पाडण्याचा निर्णय केवळ सोयीच्या दृष्टीने पाहता येत नाही. त्याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ मधील दगडी कमानींचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एस.टी. बस आणि इतर वाहने नदीत कोसळून अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर राज्यभरातील ब्रिटिशकालीन पुलांच्या तपासणीची मागणी पुढे आली. वारशाच्या प्रेमापोटी माणसांचे जीव धोक्यात घालता येणार नाहीत, हे सावित्रीच्या दुर्घटनेने कायमचे शिकविले आहे.

तथापि या दोन पुलांची तुलना सरसकट करता येत नाही. सावित्रीच्या पुलावरून महामार्गाची वाहतूक चालू होती आणि त्याचे खांब पुराच्या प्रवाहात उभे होते. अमृतांजन पुलावर भार नव्हता आणि त्याखाली नदीही नव्हती. त्याच्या बाबतीत मुख्य प्रश्न त्याने अडविलेल्या जागेचा होता. जागा मोकळी करणे आणि बांधकामाची स्मृती नष्ट होऊ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लंडन येथील थेम्स नदीवरचा पूल १८३१ मध्ये, म्हणजे माल्कमच्या घाटरस्त्यानंतर वर्षभरातच, खुला झाला होता. वाढत्या रहदारीला तो अपुरा पडू लागला, तेव्हा १९६८ मध्ये तो विकण्यात आला. त्याच्या दर्शनी दगडांवर क्रमांक घालून ते अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात नेण्यात आले आणि १९७१ मध्ये तेथे तो पुन्हा उभा राहिला. प्रत्येक पुलासाठी एवढा खटाटोप करणे शक्य नाही. मात्र दगडांना क्रमांक देता आले नाहीत, तरी मोजमापे, आराखडे, छायाचित्रे आणि बांधणीचे नमुने जतन करणे फारसे खर्चाचे नसते. एखादी कमान रस्त्यालगत पुन्हा रचून तिच्यापाशी घाटाचा इतिहास लिहिता आला असता.

बोरघाटात जुन्या लोहमार्गाचे अवशेष अजूनही विखुरलेले आहेत. बंद बोगद्यांची तोंडे, दरीकडेच्या घडीव भिंती आणि रिव्हर्सिंग स्टेशनच्या परिसरातील खुणा यांपैकी बऱ्याच गोष्टींवर नावाची पाटीही नाही. खोपोली, कर्जत आणि खंडाळा येथील शाळा-महाविद्यालयांच्या मुलांना एका दिवसाच्या सहलीत हा सारा इतिहास दाखविता येण्याजोगा आहे. सातवाहनकालीन लेण्यांपासून विजेच्या इंजिनापर्यंतचे दोन हजार वर्षांचे दळणवळण इतक्या थोड्या अंतरात पाहावयास मिळण्याची सोय महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच असेल.

या घाटात नवी वाट आली की, जुनी वाट कामातून जाते, हा क्रम बैलांच्या वाटेपासून चालत आला आहे. गाडीरस्त्याने पालख्या मागे टाकल्या, लोहमार्गाने बैलगाड्या, नव्या बोगद्यांनी रिव्हर्सिंग स्टेशन आणि द्रुतगती मार्गाने जुना महामार्ग. अमृतांजन पूल या बदलांपैकी बहुतेकांतून वाचला, कारण तो कोणाच्या आड येत नव्हता. ज्या दिवशी त्याच्या वरच्या वाटेपेक्षा खालची जागा मोलाची झाली, त्या दिवसापासून त्याचे दिवस भरत आले. तोपर्यंत त्याचे खरे साल आणि मूळ काम नोंदवून ठेवण्यास पुरेसा अवधी होता. उरलेल्या अवशेषांच्या बाबतीत तो अवधी अजूनही आहे.